शॉकअप बदलण्याआधी टेप हातात घ्या

गावातल्या तरुण पोरांच्या तोंडी हल्ली मोटोक्रॉस हा शब्द फार ऐकू येतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली शर्यत झाली. मैदानात मातीचे उंचवटे रचले होते आणि देशोदेशीचे स्वार त्यांवरून गाड्या उडवत होते. पुणे आणि नाशिकला अशा शर्यती त्याआधीही होत असत, पण मोबाइलमुळे आता त्या घराघरांत पोहोचल्या आहेत. पोरगा ते बघतो आणि एके दिवशी जेवताना हळूच विषय काढतो, "आबा, गाडीला बाहेरचे रेसिंगचे शॉकअप टाकायचे आहेत. थोडे पैसे लागतील."

आता हे 'थोडे' म्हणजे किती, ते शॉकअप नेमके काय करतात आणि पोराला त्यांची खरोखर गरज आहे का, हे आबांना कोणी सांगत नाही. दुकानदार सांगतो ते त्याच्या फायद्याचे असते आणि मित्र सांगतात ते ऐकीव असते. बी-बियाणे घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. मग जिथे पैसाही जातो आणि पोराच्या हाडांचाही प्रश्न आहे, तिथे चौकशी करायला नको का? म्हणून आज हा विषय मुळापासून समजून घेऊ.

दोन कामे, दोन भाग

गॅरेजात ज्याला शॉकअप म्हणतात त्यात मुख्य गोष्टी दोनच आहेत, एक स्प्रिंग आणि दुसरे तेल. स्प्रिंग गाडीचे आणि स्वाराचे वजन पेलते. खड्डा आला की ती दाबली जाते आणि पुन्हा उसळते. नुसती स्प्रिंग असती तर गाडी एका खड्ड्यानंतर पाच वेळा उड्या मारत राहिली असती. ती उसळी आवरण्याचे काम तेल करते.

तेल हे कसे करते? रंगपंचमीची पिचकारी आठवा. दांडा हळू दाबला तर पाणी सहज बाहेर येते. तोच जोराने दाबला तर हाताला अडतो, कारण बारीक भोकातून पाणी तेवढ्या वेगाने निघू शकत नाही. शॉकअपच्या नळीतही असाच दांडा आणि दट्ट्या असतो. दट्ट्याला भोके असतात आणि भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत असते. चाक वर येते तेव्हा तेल त्या चकत्या वाकवून पलीकडे जाते. चकत्या जाड की पातळ, किती आणि कोणत्या क्रमाने, यावर शॉकअप कडक लागेल की मऊ हे ठरते. कारागीर यालाच व्हॉल्व्हिंग म्हणतात.

पिचकारी पुन्हा पुन्हा जोराने मारली तर हात तापतो. तसे शॉकअपमधले तेलही तापते. तापले की पातळ होते, त्यात हवा मिसळली की फेस येतो आणि फेसाला जोर नसतो. मग शर्यतीच्या सुरुवातीला छान चालणारी गाडी शेवटी बेभान उडू लागते. मोटोक्रॉसची सगळी कथा या तापलेल्या तेलाशी आणि चाकाच्या वर-खाली प्रवासाशी बांधलेली आहे.

बाप-लेकाची गोष्ट

हा खेळ इंग्लंडातला. १९२४ साली कॅम्बरली गावाजवळ माळरानावर अशी पहिली शर्यत झाली असे मानतात. पुढे बेल्जियम, स्वीडन, चेकोस्लोव्हाकिया या देशांत तो फोफावला. १९७०च्या सुमारास चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन फेऱ्या होत. तेव्हाच्या गाड्यांना मागे, आपल्या जुन्या राजदूतसारखे, दोन बाजूंना दोन शॉकअप असत आणि मागचे चाक जेमतेम चार इंच वर-खाली होई. चार इंचांत डोंगराएवढे उंचवटे पचवायचे म्हणजे बाकीचा मार स्वाराच्या गुडघ्यांनी आणि कमरेनेच घ्यायचा.

बेल्जियममध्ये ल्युसियाँ टिल्केन्स नावाचे एक अभियंते होते. त्यांचा मुलगा मोटोक्रॉस खेळे. पोराची गाडी खडबडीत जमिनीवर हाताबाहेर जाते हे बापाने पाहिले. त्यांनी पोराला खेळ सोड म्हटले नाही आणि दुकानातून महागडा शॉकअपही आणून दिला नाही. ते गाडीचा अभ्यास करायला बसले. मागचा चिमटा, म्हणजे स्विंग आर्म, त्यांनी त्रिकोणी केला आणि दोन आखूड शॉकअपच्या जागी टाकीखाली एकच लांब शॉकअप आडवा बसवला. त्यामुळे चाकाला जास्त प्रवास मिळाला आणि गाडीची मागची बाजू पिळवटायची थांबली. तेलाला फेस येऊ नये म्हणून आत दाबाखाली वायू भरला.

ही कल्पना आधी सुझुकीकडे गेली, पण तिथे जमले नाही. यामाहाने ती घेतली. १९७३ साली स्वीडनचा हाकन अँडरसन त्या गाडीवर २५० सीसी गटाचा जगज्जेता झाला. १९७५ मध्ये यामाहाने तीच रचना विकायच्या वायझेड गाड्यांवर आणली. आज आपल्या रस्त्यावर 'मोनोशॉक' अशी अक्षरे लिहिलेल्या गाड्या धावतात. त्या शब्दाला जगभर नाव मिळाले ते या बापाच्या खटपटीमुळे.

बाहेरच्या मालाचा बाजार कसा उभा राहिला

यामाहाच्या यशानंतर जो तो जास्त प्रवासाच्या मागे लागला. दहा वर्षांच्या आत चार इंचांचे बारा इंच झाले. कारखान्याचे शॉकअप मात्र या मागणीला पुरे पडेनात. मग स्वारांनीच धंदे काढले. अमेरिकेत बॉब फॉक्स यांनी १९७४ साली पोलादी स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा शॉकअप विकायला सुरुवात केली. १९७६ मध्ये केंट हॉवर्टन याने तोच लावून ५०० सीसीचे अमेरिकन राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्याच १९७६ साली स्वीडनमध्ये केंट ओलिन यांनी आपली कंपनी काढली. ते स्वतः मोटोक्रॉस खेळलेले होते. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, रशियाचा गेन्नादी मोइसेयेव त्यांचे शॉकअप लावलेल्या केटीएम गाडीवर २५० सीसीचा जगज्जेता झाला. हॉलंडमध्ये १९७७ साली विम पीटर्स यांनी व्हाइट पॉवर नावाने काम सुरू केले. त्यांच्या शॉकअपची स्प्रिंग पांढरी असे. तीच कंपनी आज डब्ल्यूपी या नावाने ओळखली जाते आणि केटीएमच्या घरातली झाली आहे.

तुम्ही चाकण भागातले असाल तर ही अक्षरे तुमच्या पाहण्यातली असतील. चाकणच्या बजाज कारखान्यात केटीएमच्या ड्यूक गाड्या तयार होतात आणि त्यांच्या पुढच्या-मागच्या शॉकअपवर डब्ल्यूपी असे छापलेले असते. म्हणजे पोरगा ज्याला 'बाहेरचा रेसिंगचा माल' म्हणतो, त्याच नावाचा शॉकअप आपल्या जिल्ह्यातून निघणाऱ्या गाडीवर आधीच बसलेला आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १९७५ साली बाहेरचा शॉकअप टाकणे म्हणजे खरोखर वेगळी गाडी हाती येणे होते, कारण कारखान्याचा शॉकअप तेव्हा कच्चा होता. आज तसे नाही. कायाबा, शोवा, डब्ल्यूपी यांचे जे शॉकअप मोटोक्रॉसच्या नव्या गाडीवर कारखान्यातूनच येतात, ते त्या काळच्या जगज्जेत्यांनाही मिळाले नव्हते. मग आज उणीव कुठे राहते? ती राहते जुळणीत. कारखाना गाडी तयार करतो ती मधल्या वजनाच्या, मधल्या हुशारीच्या स्वारासाठी. तुमचा पोरगा पंचावन्न किलोचा असेल तर ती स्प्रिंग त्याला कडक पडते. नव्वद किलोचा असेल तर मऊ पडते. चुकीच्या स्प्रिंगवर लाखाचा शॉकअप बसवला तरी फरक पडत नाही. जू बैलांच्या उंचीला बसत नसेल तर नवी गाडी घेऊन खांदे सुजायचे थांबत नाहीत, तसेच हे आहे.

घरच्या घरी मोजमाप

म्हणून पैसे काढण्याआधी एक टेप, एक वही आणि दोन माणसे घ्या. मापे मिलिमीटरमध्ये लिहा.

पहिले माप असे. गाडी स्टँडवर किंवा खोक्यावर अशी उचला की मागचे चाक अधांतरी लोंबेल. मागच्या आखाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर खडूने खूण करा आणि अंतर मोजा. समजा ते ६०० आले.

दुसरे माप. गाडी जमिनीवर ठेवा, एकाने हँडल धरून सरळ उभी करा, सीट दोनदा दाबून सोडा आणि तेच अंतर मोजा. समजा ५६५ आले. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने ३५ मिलिमीटर बसली.

तिसरे माप. पोराने हेल्मेट, बूट, छातीचे कवच असे सगळे अंगावर चढवून गाडीवर बसावे. पाय पायठेवणीवर हवेत, जमिनीवर नकोत. आता मोजा. समजा ४९७ आले. म्हणजे स्वारासह गाडी १०३ मिलिमीटर बसली. या बसण्याला कारागीर सॅग म्हणतात.

मोठ्या मोटोक्रॉस गाडीचा मागचा प्रवास सुमारे ३०० मिलिमीटर असतो. त्यापैकी तिसरा हिस्सा, म्हणजे १०० ते १०५ मिलिमीटर, स्वाराच्या वजनाने बसावा असा सर्वसाधारण नियम आहे. कमी-जास्त असेल तर स्प्रिंगच्या डोक्यावरची कडी पान्याने फिरवून तो आणता येतो.

हे झाल्यावर दुसरे माप पुन्हा घ्या, कारण खरी परीक्षा तिथे आहे. स्वारासह सॅग बरोबर आणल्यावर नुसती गाडी ३० ते ४० मिलिमीटर बसली तर स्प्रिंग पोराच्या वजनाला योग्य आहे. तीसपेक्षा बरीच कमी बसली तर स्प्रिंग मऊ आहे. ऐकायला हे उलटे वाटते, पण विचार केला की पटते. मऊ स्प्रिंगने वजन पेलावे म्हणून आपण कडी इतकी आवळली की एकटी गाडी बसायलाच तयार नाही. उलट नुसती गाडी पंचेचाळीसच्या पुढे बसली तर स्प्रिंग कडक आहे. अशा वेळी फक्त स्प्रिंग बदलावी लागते आणि स्प्रिंगचा खर्च आख्ख्या शॉकअपच्या मानाने फारच कमी असतो. पुढच्या फोर्कची स्प्रिंगही मग त्याच मापाने जुळवून घ्यावी.

मग पेच, आणि तेही वहीत लिहून

चांगल्या शॉकअपला बारीक पेच असतात. ते फिरवताना टिक-टिक आवाज येतो. एक पेच दाबताना लागणारा अडथळा ठरवतो, दुसरा उसळी ठरवतो. आधी पेच हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून तो किती टिक होता हे वहीत लिहा, म्हणजे परत मूळ जागी येता येईल. एका वेळी एकच पेच आणि दोनच टिक फिरवायचे, मग त्याच वाटेवर फेरी मारायची.

उंचवट्यावरून गाडीची मागची बाजू लाथ मारल्यासारखी वर येत असेल तर उसळी फार मोकळी आहे. ओळीने आलेल्या खड्ड्यांत गाडी हळूहळू खाली बसत जाऊन दगडासारखी कडक होत असेल तर उसळी फार आवळली आहे. पुढच्या फोर्कच्या दांड्यावर तारा बांधायची प्लास्टिकची पट्टी बांधून ठेवली तर ती किती सरकली यावरून किती प्रवास वापरला गेला ते कळते. फेरीत सर्वात मोठ्या उडीला एखाद्या वेळी ती टोकाला पोहोचावी. दर खड्ड्याला पोहोचत असेल तर मऊ, कधीच पोहोचत नसेल तर कडक.

तेलाचेही विसरू नका. शर्यतीच्या गाडीचे तेल वीस-तीस तास पळाल्यावर बदलावे लागते. कितीतरी पोरे थकलेल्या तेलावर गाडी चालवतात आणि शॉकअप खराब झाला असे समजून नवा मागतात. फोर्कच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर ऑइल सील गेले आहे. तेही आधी बदलून घ्यावे.

पैसा कोणत्या क्रमाने घालावा

या सगळ्यातून खर्चाचा क्रम आपोआप निघतो. पहिला खर्च अंगावरच्या साधनांचा, म्हणजे चांगले हेल्मेट, मानेचे-छातीचे कवच, गुडघ्याची बांधणी आणि बूट. दुसरा खर्च तेल आणि सील यांचा. तिसरा वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंगचा. चौथा, जाणत्या कारागिराकडून व्हॉल्व्हिंग जुळवून घेण्याचा. पूर्ण नवा रेसिंग शॉकअप किंवा फोर्कच्या आतला नवा संच हा शेवटचा खर्च आहे. पोरगा शर्यतीत पहिल्या काहींत येऊ लागला आणि जुळवलेली गाडीही त्याला अपुरी पडू लागली, की मगच तो करावा.

आपल्याकडे खऱ्या मोटोक्रॉस गाड्या महाग आहेत. केटीएम किंवा कावासाकीची मोठी गाडी २०२५ साली आठ-दहा लाखांच्या घरात होती. म्हणून बहुतेक पोरे देशी गाडीवर शिकतात आणि त्यात कमीपणा काही नाही. हीरोने एक्सपल्स गाडीसाठी २०२० साली रॅलीचा संच काढला होता, त्याची किंमत तेव्हा ३८ हजार होती. नेहमीच्या गाडीत पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर प्रवास होता, तो त्यात पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर झाला. २०२२ मध्ये कंपनीने असे शॉकअप लावलेली रॅली आवृत्तीही बाजारात आणली. नुसती मापे पाहून भुलू नका. प्रवास वाढला की सीटही उंच होते आणि बुटक्या पोराचे पाय टेकत नाहीत. इथेही सॅगचा नियम तोच, एकूण प्रवासाचा साधारण तिसरा हिस्सा.

तीन गोष्टींची खबरदारी

पहिली गोष्ट, मागचा शॉकअप घरी खोलू नका. त्यात नायट्रोजन वायू मोठ्या दाबाने भरलेला असतो आणि दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात किंवा डोळा जाऊ शकतो. मोजमाप आणि पेच घरी, खोलणे मात्र ज्याच्याकडे वायू भरायची सोय आहे त्याच्याकडेच.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत दाखवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. केवळ शर्यतीसाठी केलेली गाडी मैदानावर टेम्पोने न्यावी, तिच्यावरून बाजाराला जाऊ नये. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

तिसरी गोष्ट जागेची. कालव्याचा भराव, गावाची खडी खाण किंवा पायवाटेचा बांध ही सरावाची जागा नव्हे. तिथे समोरून गुरे येतात, बाया-माणसे येतात. सराव आखलेल्या मैदानावर आणि सोबत माणूस असतानाच व्हावा. चांगला शॉकअप गाडीला जमिनीवर धरून ठेवतो, पण त्याच भरवशावर पोरगा वेगही वाढवतो, हे विसरून चालणार नाही.

आणि दुधाच्या गाडीचे काय?

ज्यांच्या घरी शर्यतीची गाडी नाही, त्यांनाही यातले थोडे उपयोगी आहे. तुमच्या नेहमीच्या मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपखाली बहुधा पायऱ्या-पायऱ्यांची एक कडी असते. बहुतेक गाड्यांना अशा पाच पायऱ्या असतात. गाडीबरोबर मिळालेल्या पान्याने ती फिरते. मागे दुधाचे दोन कॅन किंवा खताचे पोते असेल तर कडी वरच्या पायरीवर न्या आणि दोन्ही बाजूंना सारखीच ठेवा. रिकाम्या गाडीला पुन्हा खालची पायरी. यामुळे पाठीचा मणका वाचतो, गाडी वळणावर डुलत नाही आणि रात्री दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जात नाही. याला एक पैसाही लागत नाही, तरी कित्येक गाड्यांची ही कडी विकत घेतल्यापासून जागची हललेली नसते.

तेव्हा पोराने पैसे मागितले तर लगेच हो म्हणू नका आणि त्याच्यावर खेकसूही नका. त्याला म्हणा, आधी तिन्ही मापे घेऊन वहीत लिहून आण, तुझे वजन लिही, तेल कधी बदलले ते लिही. ज्या पोराला खेळाची खरी ओढ आहे तो दुसऱ्या दिवशी वही घेऊन हजर होईल. मग दोघे मिळून त्या आकड्यांकडे बघा. बरेचदा असे दिसेल की काम एका स्प्रिंगमध्ये आणि बाटलीभर तेलात भागते. आणि नाहीच भागले, तर निदान आपण काय विकत घेतो आहोत आणि कशासाठी, हे त्याला कळलेले असेल आणि तुम्हालाही.